मोठेपणाचे माप

कुपवाडच्या माझ्या उर्दू माध्यमाच्या वर्गात एकदा मी मुलांना 'फलसफी', म्हणजे तत्त्वज्ञांची नावे विचारली. अफलातून, अरस्तू, गजाली, इकबाल... फळा भरत गेला. एक मुलगी म्हणाली, "टीचर, यांत एकही बाई नाही?" मी हजरत राबिया बसरींचे नाव घेतले. लगेच एक मुलगा म्हणाला, "त्या तर वली. फलसफी कशा?"

मुलाचा दोष नाही. आपलीच शिकवण ती. गजालीही सूफीच होते. शिवाय त्यांनी फलसफ्यांविरुद्ध ग्रंथ लिहिला. तरी त्यांना आपण तत्त्वज्ञ मानतो. राबियांना मात्र करामतींच्या गोष्टींत बसवतो.

नरकाच्या भीतीने नको, स्वर्गाच्या लोभानेही नको, अल्लाहची भक्ती केवळ त्याच्यासाठी असावी, असा विचार परंपरा राबियांच्या नावे सांगते. चांगले कर्म कशासाठी करावे, हा नीतिशास्त्राचा मूळ प्रश्नच त्यात आहे. पण आपण रंगवून सांगतो ते हसन बसरींशी झालेले त्यांचे संवाद. हसन यांचे निधन ७२८ साली झाले, राबियांचे सुमारे ८०१ साली. मग हे संवाद घडले तरी कधी? राबियांना तोलायला शेजारी एक थोर पुरुष उभा करावा लागला, असेच वाटते. त्यांचे चरित्र आदराने लिहिणाऱ्या अत्तार यांनीही खुलासा केला, की अल्लाहच्या वाटेवर पुरुषासारखी चालणारी स्त्री स्त्री म्हणवत नाही. गौरव झाला, पण माप पुरुषाचेच राहिले.

मराठीतही वेगळे घडलेले नाही. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे 'स्त्री-पुरुष तुलना' १८८२ साली निघाले. शास्त्रांनी स्त्रीचे म्हणून सांगितलेले दोष एकेक घेऊन त्या विचारतात, हे पुरुषात नाहीत का? बायको मेल्यावर नवरा दुसरी करतो, मग विधवेलाच बंदी का? नियम एक, तर तो दोघांनाही लागू हवा, हे त्यांच्या विचाराचे सूत्र. महात्मा फुले यांनी ताराबाईंची पाठराखण केली. तरी पुस्तक विस्मृतीत गेले, स. गं. मालशे यांनी १९७५ साली ते पुन्हा प्रकाशात आणले. मध्ये ९३ वर्षे गेली. जे वाचलेच नाही त्याला थोर कोण म्हणणार?

ताराबाईंची मांडणी विस्कळीत आहे, भाषा तिखट आहे, हे खरे. पण फुले यांची भाषा काय मवाळ होती? त्यांच्या शब्दांमागचा विचार आपण शोधतो. ताराबाईंचा मात्र 'संताप' पाहतो. पुरुषाचा युक्तिवाद मोजायचा आणि बाईचा स्वभाव, हीच खरी गफलत आहे.

नावांच्या यादीत बायकांसाठी राखीव जागा मी मागत नाही. मागणे एवढेच: विचारवंत स्त्रीवर लिहिताना ती कोणाची मुलगी, कोणाची शिष्या हे नंतर सांगा. आधी तिने कोणता प्रश्न विचारला, ते लिहा. मग माप लावा, पण सर्वांना एकच.