रोझा, डॉक्टर आणि रडून मोकळे झालेले प्रेक्षक

इंग्लंडच्या बीबीसीवर ‘डॉक्टर हू’ नावाची विज्ञानकथांची मालिका १९६३ साली सुरू झाली. मधे काही वर्षं बंद पडली, २००५ ला पुन्हा उभी राहिली. डॉक्टर नावाचं पात्र पोलिसांच्या एका निळ्या पेटीत बसून काळातून हिंडतं. पेटी बाहेरून चाळीतल्या संडासाएवढी आणि आतून राजवाड्याएवढी. कधी परग्रहावर, कधी जुन्या रोममध्ये, कधी पृथ्वीच्या शेवटच्या दिवशी. ह्या मालिकेचे चाहते जगभर आहेत आणि ते साधे चाहते नाहीत, भगत आहेत. कुठल्या साली कुठला राक्षस कुठल्या रंगाचा होता हे त्यांना पाठ.

२१ ऑक्टोबर २०१८ ला ह्या मालिकेचा ‘रोझा’ हा भाग दाखवला गेला. डॉक्टर तीन सोबत्यांना घेऊन १९५५ सालच्या अमेरिकेत, अलाबामातल्या मॉन्टगोमेरी शहरात उतरते. (डॉक्टर ह्या वेळी बाई होती. त्यावरून भगतांची आधीच बोंबाबोंब झालेली. ते सोडा.) तिथे रोझा पार्क्स नावाची शिवणकाम करणारी काळी बाई १ डिसेंबरला बसमधली सीट गोऱ्यासाठी सोडायला नाही म्हणणार आहे. आणि भविष्यातून आलेला क्रॅस्को नावाचा एक गोरा तो क्षण होऊ नये म्हणून खटपट करतोय.

मला भागाबद्दल थोडं आणि पाहणाऱ्यांबद्दल जास्त लिहायचंय. प्रेक्षक कुठं चिडतो आन् कुठं रडतो, ह्यावरून तो स्वतः कुठल्या सीटवर बसलाय ते कळतं.

आधी चिडणारे. त्यांची तक्रार जुनीच आहे: करमणुकीत राजकारण आणलं. आम्ही अंतराळयानं बघायला बसलो, तुम्ही शाळा घेता. दोस्तहो, हे वाक्य आपल्या ओळखीचं आहे. दलित कवीच्या तोंडावर ते किती वेळा फेकलं गेलं! साहित्यात प्रचार कशाला, कवितेत शिव्या कशाला, जरा सौंदर्याकडे बघा. म्हणून हे चिडणं नीट तपासायला हवं.

ह्या मालिकेत राजकारण २०१८ ला आलं काय? १९६३ सालच्या डिसेंबरात, मालिकेच्या दुसऱ्याच कथेत, डालेक आले. लोखंडी डब्यात बसलेले प्राणी. आपल्यासारखं नसेल ते सगळं मारून टाका एवढीच त्यांची अक्कल. लिहिणारा टेरी नेशन हा महायुद्धाच्या काळात वाढलेला, नाझी डोळ्यापुढे ठेवून त्याने डालेक घडवले. म्हंजे वंशशुद्धीचं वेड हा विषय पहिल्या दिवसापासून आहे. इंग्लंडमधली पोरं तेव्हापासून डालेकची खेळणी घेऊन खेळतात. कोणी म्हणालं नाही की राजकारण आणलं.

पुढे १९८८ साली ह्याच मालिकेत १९६३ चं लंडन दाखवलं. एका खानावळवजा घराच्या खिडकीत पाटी आहे: रंगीत माणसांना जागा नाही. डॉक्टरची पोरसवदा सोबतीण ती पाटी बघते आणि तिचा चेहरा पडतो. तो प्रसंग भगत अजून कौतुकाने सांगतात. पण तो काही सेकंदांचा आहे. नंतर डालेक येतात, स्फोट होतात, पाटी मागे राहते. वंशभेद डब्यात बसून बोलला तर चालतो. खिडकीत सेकंदभर लटकला तरी चालतो. पण त्याला साल असेल, गाव असेल, बसचा रस्ता असेल, गोरा ड्रायव्हर जेम्स ब्लेक हा खऱ्या नावाने उभा असेल, आणि पन्नास मिनिटं दुसरा राक्षसच येणार नसेल, तर मात्र पोटात दुखतं.

सगळ्यात जास्त दुखलं ते एका छोट्या प्रसंगाने. रायन हा काळा पोरगा आणि यास्मिन ही पाकिस्तानी घरातली पोरगी, दोघं शेफिल्डचे. पोलीस आला म्हणून दोघं लॉजच्या खिडकीतून उडी मारून मागे कचऱ्याच्या पेट्यांआड लपतात. तिथे ती दोघं बोलतात. १९५५ बद्दल नाही, आपल्या स्वतःच्या गावाबद्दल. त्याला पोलीस जास्त वेळा अडवतात. ती मशिदीतून घरी येताना लोक तिला शिव्या देतात, आणि ती स्वतः पोलिसात शिकाऊ आहे. हा प्रसंग काही जणांना भाषण वाटला. वाटणारच. अलाबामा लांब आहे, १९५५ त्याहून लांब. कचऱ्याच्या पेटीमागून दोन पोरांनी ते अंतरच पुसलं. इतिहास इतिहासात राहिला तर प्रेक्षक दिलदार असतो.

आणखी एक तक्रार होती, ती मला जास्त महत्त्वाची वाटते. खलनायक फुसका आहे म्हणे. क्रॅस्कोकडे मोठी योजना नाही, सैन्य नाही, जग उडवायचं यंत्र नाही. तो करतो काय? ड्रायव्हरची पाळी बदलायला बघतो. बस निघू नये असं बघतो. बस भरू नये असं बघतो, कारण बस भरली नाही तर रोझाला उठ म्हणायची वेळच येणार नाही. असला कसला खलनायक?

गिरणीत काम करणाऱ्याला हा खलनायक ताबडतोब ओळखू येतो. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्याची दारं अस्पृश्य कामगाराला बंद होती. का? धोट्यातली कांडी बदलली की सुताचं टोक तोंडाने ओढून काढावं लागे. एकाची थुंकी दुसऱ्याच्या तोंडाला लागली तर बाट. विणकाम खात्यात पगार जास्त, म्हणून जास्त पगार बाटापासून वाचवला गेला. आपल्या माणसाला कमी पगाराची खाती. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे मांडला. तिथे कोणी तलवार उपसलेली नव्हती. हजेरीचं पुस्तक, जॉबरचं बोट, खात्याचं दार. मी आज सूतगिरणीत रिंगवर उभा असतो. पाळीचा कागद भिंतीवर लागतो तेव्हा तो कोणी लिहिला हे सगळे आधी बघतात. पाळीच्या कागदाने माणूस मारणारा खलनायक फुसका वाटतो, कारण वाटणाऱ्याचं नाव त्या कागदावर कधी चुकीच्या जागी आलेलं नसतं. माझ्या मते मॅलोरी ब्लॅकमन आणि ख्रिस चिबनल ह्या दोघा लेखकांचं इथे बरोबर आहे. ब्लॅकमन ही ह्या मालिकेची पहिली काळी लेखिका. पहिली यायला पंचावन्न वर्षं लागली, हेही लिहून ठेवा.

आता रडणारे. ते चिडणाऱ्यांपेक्षा पुष्कळ जास्त होते. आणि माझं खरं भांडण त्यांच्याशी आहे.

शेवटचा प्रसंग असा. बस भरलीय. ब्लेक काळ्यांच्या एका रांगेला उठ म्हणतो. डॉक्टर आणि तिचे सोबती उतरायला निघतात आणि त्यांच्या ध्यानात येतं: आपण उतरलो तर सीटा रिकाम्या होतील, मग रोझाला उठवायचं कारण उरणार नाही. म्हणजे इतिहास घडायचा तर ह्या भल्या माणसांनी गोऱ्यांच्या सीटा अडवून गप बसायचं. त्यातला ग्रॅहम हा म्हातारा गोरा, जन्मभर स्वतः बस चालवलेला, रायनच्या काळ्या आजीचा नवरा. आजी मेलीय. तिचा रोझावर जीव होता. त्याला तिथे बसवत नाही आणि उतरताही येत नाही. तो प्रसंग मी मोबाईलवर, खाली इंग्रजी अक्षरं लावून, तीनदा पाहिला. असं जळजळीत दृश्य टीव्हीवर क्वचित मिळतं. भल्या मनाचा माणूसही सीटवर बसलेला असतो. त्याच्या भलेपणामुळे सीट रिकामी होत नाही.

प्रेक्षक रडले ते रोझासाठी. ग्रॅहमच्या जागी आपण आहोत हे किती जणांना दिसलं? रोझा उठत नाही, पोलीस तिला घेऊन जातात, वर एक आजकालचं गाणं वाजतं. मग त्या गाण्यावरून महिनाभर वाद: मालिकेचं नेहमीचं संगीत शेवटी का नाही वाजवलं? नंतर डॉक्टर आकाशात एक लघुग्रह दाखवते, त्याला रोझा पार्क्सचं नाव दिलंय. डोळे पुसले, दिवे बंद केले. आपल्याकडे पुतळ्याला हार घालून जसं मोकळं होतात तसं.

हे सगळं इंग्रज प्रेक्षकाला सोपं गेलं ह्याला आणखी एक कारण आहे. बस अमेरिकेची होती. चित्रण मात्र दक्षिण आफ्रिकेत, केपटाऊनमध्ये झालं. आणि इंग्लंडची स्वतःची बस? ब्रिस्टल शहरात १९५५ साली, म्हणजे रोझाच्याच साली, वाहतूक कामगारांच्या युनियनच्या शाखेने ठराव केला की बसवर ड्रायव्हर-कंडक्टर म्हणून रंगीत माणूस नको. मालकाने नाही, युनियनने! कंपनीने तेच धोरण चालवलं. १९६३ साली पॉल स्टीफन्सन, रॉय हॅकेट ह्यांनी बसवर बहिष्कार पुकारला. चार महिन्यांनी, २८ ऑगस्टला कंपनी नमली. सप्टेंबरात रघबीर सिंग हा शीख माणूस ब्रिस्टलचा पहिला गोरा नसलेला कंडक्टर झाला. आणि त्याच वर्षी २३ नोव्हेंबरला ‘डॉक्टर हू’चा पहिला भाग दाखवला गेला. त्या निळ्या पेटीला ब्रिस्टल फार लांब नव्हतं.

उलट १९७७ साली ह्या मालिकेत एका चिनी जादूगाराचं काम गोऱ्या नटाला पिवळा रंग फासून, डोळे ताणून दिलं. ती कथा आजही कित्येक भगतांच्या आवडत्या यादीत वर असते. कोणी बोट ठेवलं की उत्तर तयार: तो काळच तसा होता. जेम्स ब्लेकचाही काळ तसाच होता की! मॉन्टगोमेरीसाठी रडायचं आणि घरच्या रंगाच्या डबीला काळाची सूट द्यायची, ही गंमत मला पचत नाही.

तिसरी एक प्रतिक्रिया असते: आम्हाला ठाऊकच नव्हतं. २०१९ च्या ऑक्टोबरात अमेरिकेत ‘वॉचमेन’ ही मालिका सुरू झाली, तिची सुरुवातच १९२१ च्या टल्सामधल्या कत्तलीने होते. ३१ मे आणि १ जूनला गोऱ्या जमावाने ग्रीनवुड ही काळ्यांची भरभराटीची वस्ती जाळली. पुष्कळ अमेरिकन प्रेक्षकांना ती मालिकेतली कल्पना वाटली, कारण दुसऱ्या प्रसंगात मुखवटे घातलेले पोलीस येतात. मग कळलं की मुखवटे खोटे, जळालेली वस्ती खरी. ठाऊक नव्हतं हे एकवेळ मान्य. पण खैरलांजी २९ सप्टेंबर २००६ ला घडलं, आणि मोठ्या वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर यायला किती आठवडे लागले ते आपल्याला ठाऊक आहे. ठाऊक नसणं आपोआप होत नाही, कोणीतरी ते रोज सकाळी छापतं.

आता भागाच्या लेखकांनाही सोडता येत नाही. त्यांची कथा एका बसवर, एका संध्याकाळवर टांगलीय. तो क्षण चुकला तर सगळं चुकलं. प्रेक्षक असं समजून उठतो की एका बाईने मनात आणलं आणि जग हललं. रोझा पार्क्स १९४३ पासून नागरी हक्कांच्या संघटनेची चिटणीस होती. ह्याच ब्लेकने त्याच साली तिला एकदा बसमधून उतरवलं होतं. १९५५ च्या उन्हाळ्यात ती हायलँडर शाळेच्या शिबिराला जाऊन आली होती. त्याच वर्षी मार्चमध्ये क्लॉडेट कॉल्व्हिन ही पंधरा वर्षांची पोरगी सीट सोडत नाही म्हणून पकडली गेली. पुढे कोर्टात जो खटला लढून बसचा कायदा मोडला त्यात क्लॉडेट आणि आणखी तीन बायका वादी होत्या. रोझा नव्हती. भागात एका बैठकीत मार्टिन ल्यूथर किंग आणि वकील फ्रेड ग्रे दिसतात, रायन त्यांच्यात कॉफी देतो, एवढंच.

आणि जो अॅन रॉबिन्सन? ही कॉलेजात शिकवणारी बाई. तिच्या स्त्रियांच्या मंडळाने मे १९५४ मध्येच महापौराला पत्र लिहून बहिष्काराची ताकीद दिली होती. रोझाला पकडलं त्या रात्री ती कॉलेजात गेली, एक सहकारी आणि दोन विद्यार्थी सोबत घेतले आणि पहाटेपर्यंत हजारो पत्रकं काढली. कशावर? सायक्लोस्टाईलवर! तुमच्या हातातला हा अंक ज्यावर निघाला तसल्याच यंत्रावर. हाताला लागलेली तीच शाई. सोमवारी ५ डिसेंबरला बस रिकाम्या धावल्या आणि ३८१ दिवस काळी माणसं पायी चालली. क्रॅस्कोने ती एक बस रद्द केली असती तरी पत्रक दुसऱ्या कोणाच्या नावाने निघालं असतं. महाडचं पाणी एका माणसाच्या तहानेतून निघालं नाही. १९२३ चा बोले ठराव, १९२४ चा महाड नगरपालिकेचा ठराव, गावोगावच्या बैठका, आणि मग २० मार्च १९२७. ती रात्रभर फिरणारी मूठ भागात दिसली असती तर प्रेक्षकाला रडायला इतकी फुरसत मिळाली नसती.

तरीही हा भाग बघा. येत्या रविवारी संध्याकाळी आपल्या वाचनालयात तो भिंतीवर दाखवतोय. यंत्र एका दोस्ताने आणायचं कबूल केलंय, चादर आपली. इंग्रजी अडलं तर मधे थांबवून सांगू. एकच विनंती, बसच्या प्रसंगाला पडद्याच्या मधोमध न बघता कडेला बघा, ग्रॅहमकडे. नंतर चहा आहे आणि त्याच्याबद्दल बोलायचंय.