आवलीची बाजू : ‘स्मृतिचित्रे’तील उपकारस्तुती

१

मराठी ख्रिस्ती आत्मपर लेखनाचा विचार ‘साक्ष’ या संकल्पनेला वगळून करता येत नाही. देवाने आपल्या आयुष्यात काय केले हे मंडळीसमोर सांगणे म्हणजे साक्ष. या सांगण्याचा घाट बहुधा ठरलेला असतो : आधी अंधार, नंतर शोध, नंतर प्रकाश आणि अखेरीस उपकारस्तुती. संत ऑगस्टीनच्या ‘कन्फेशन्स’ने हा घाट पाश्चात्त्य परंपरेत रुजवला. त्या शीर्षकातील मूळ लॅटिन शब्दातच पापाची कबुली आणि देवाची स्तुती असे दोन्ही अर्थ एकवटलेले आहेत. मराठीत बाबा पदमनजींनी आपल्या आत्मचरित्राला ‘अरुणोदय’ हे नाव दिले, तेव्हा कथनाची दिशा शीर्षकातच निश्चित झाली. पंडिता रमाबाईंनी १९०७ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध केलेले आत्मकथनही स्वतःला ‘साक्ष’च म्हणवते. या प्रकारात कृतज्ञता ही केवळ शेवटी येणारी भावना नसते. गतायुष्यातील काय सांगावे आणि काय गाळावे, हे ठरवणारे ते निवडीचे तत्त्व असते. प्रकाशाकडे जाणाऱ्या वाटेवरचा टप्पा म्हणून ज्या अनुभवाचा अर्थ लावता येत नाही, त्याला साक्षीत सहसा जागा मिळत नाही.

यातून एक वाङ्मयीन अडचण उद्भवते. धर्मांतर ही घटना आहे. तिला आरंभ आहे, संघर्ष आहे, परिणती आहे. श्रद्धा टिकवून धरणे ही मात्र या अर्थाने घटना नाही. घरात धान्य नाही, आलेला पगार दुसऱ्याच्या गरजेला गेला, पोरांची आजारपणे सरत नाहीत, अशा दिवसांना कथानक नसते. ते पुन्हा पुन्हा येतात आणि त्यांतून काही सिद्ध होत नाही. साक्षीचा घाट या दिवसांना सामावून घेऊ शकत नाही. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’चे (१९३४–३६) महत्त्व या संदर्भात तपासण्यासारखे आहे. हे ख्रिस्ती स्त्रीचे आत्मकथन आहे, पण त्याचा घाट साक्षीचा नाही. त्याचा बहुतांश अवकाश याच कथानकशून्य दिवसांनी व्यापलेला आहे.

मराठी समीक्षेने या ग्रंथाचे कौतुक केले ते प्रामुख्याने निर्मळ विनोद, सहजता आणि प्रांजळपणा या गुणांसाठी. लेखिकेची श्रद्धा हा तिच्या चरित्राचा तपशील मानला गेला. शैलीशी तिचा काही संबंध असेल असा विचार क्वचितच झाला. उलट, अनुवादांच्या शीर्षकांनी तिला पत्नीच्या भूमिकेत बांधून ठेवले. जोसेफिन इंक्स्टर यांचा १९५० चा इंग्रजी अनुवाद ‘आय फॉलो आफ्टर’ या नावाने आला. शांता गोखले यांच्या २०१७ च्या अनुवादाच्या उपशीर्षकात ती ‘स्पिरिटेड वाइफ’ झाली. एकात ती मागून येणारी, दुसऱ्यात बाणेदार; पण दोन्हीकडे तिची ओळख नवऱ्याच्या संदर्भानेच होते. विनोद, श्रद्धा आणि पत्नीपण या तिन्ही गोष्टी या संहितेत एकमेकींपासून सोडवता येत नाहीत, असे प्रस्तुत विवेचनाचे प्रतिपादन आहे.

२

नारायण वामन टिळकांची श्रद्धा वारकरी परंपरेला पाठ फिरवून उभी राहिली नाही. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो, अशी त्यांची धारणा होती. ‘अभंगांजली’ची रचना आणि कीर्तनाचा अंगीकार ही तिचीच रूपे. म्हणून टिळकांच्या घरातील उपकारस्तुतीचे मूळ शोधताना तुकोबांच्या प्रदेशात जाणे आवश्यक ठरते.

तळेगाव दाभाडे आणि चाकण यांच्या दरम्यान, इंदोरीजवळ, भंडाऱ्याचा डोंगर आहे. आज या टापूची ओळख कारखान्यांमुळे आहे. मराठी भक्तीच्या भूगोलात मात्र तो तुकोबांच्या एकांताचा डोंगर आहे. १६३० च्या सुमारास पडलेल्या दुष्काळात दुकान बुडाले, पहिली पत्नी रखमाई अन्नावाचून गेली आणि त्यानंतर देहूचा हा वाणी भंडाऱ्यावर जाऊन बसू लागला. परंपरेने या डोंगराशी आणखी एक कथा जोडली आहे. दुसरी पत्नी जिजाई, लोकांच्या तोंडची आवली, नवऱ्याला आणि त्याच्या विठोबाला बोल लावीत भाकरी घेऊन डोंगर चढते. तिच्या पायात काटा रुततो आणि तो काढायला स्वतः पांडुरंग येतो.

या कथेचा रूढ अर्थ देवाच्या कृपाळूपणाकडे नेतो. कथेची रचना पाहिली तर आणखी एक गोष्ट दिसते. डोंगरावर बसून देवाचे आभार मानणारा आणि डोंगर चढून त्याला जेवू घालणारी, अशी येथे कामाची वाटणी आहे. एकाची कृतज्ञता दुसरीच्या पायपिटीवर उभी आहे. परंपरेने आवलीचा राग पुसून टाकला नाही. तिला कजाग ठरवले तरी तिची भाकरी आणि तिची तक्रार दोन्ही कथेत राहू दिल्या, आणि देवाला तिच्या पायाशी बसवले. पण आवलीचे स्वतःचे शब्द आपल्यापर्यंत पोचलेले नाहीत. ती दिसते ती तुकोबांच्या अभंगांतून आणि महिपतीच्या संतचरित्रांतून. महिपतीचे ताहराबाद राहुरी तालुक्यातले. पुढे टिळक कुटुंबाचा संसार काही काळ राहुरीतच झाला. हा योगायोगच, पण सूचक आहे. आवलीला जे लिहिता आले नाही ते लिहिणारी स्त्री म्हणून लक्ष्मीबाईंकडे पाहता येते.

साम्य वरवरचे नाही. टिळक न सांगता घर सोडून भटकत, हाती आलेले पैसे वाटून टाकीत, अनाथ मुले घरी आणीत. कवी बालकवी याच घरात मुलासारखे वावरले. १९१७ च्या सुमारास टिळकांनी मिशनची पगारी सेवाही सोडली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ उभारला. प्रत्येक वेळी विरक्तीचा निर्णय एकाचा होता आणि दुसऱ्या दिवशीची चूल दुसरीची होती. ‘स्मृतिचित्रे’तील विनोद या दोन टोकांमधल्या अंतरातून निर्माण होतो. लक्ष्मीबाई टिळकांच्या संतपणाविषयी शंका घेत नाहीत. त्याची किंमत काय पडली हे मात्र सांगतात.

३

उपकारस्तुतीला ख्रिस्ती उपासनेत एक ठोस रूप आहे. प्रभुभोजनासाठी वापरला जाणारा ग्रीक शब्द मुळात आभार मानण्याचाच वाचक आहे. म्हणजे या धर्माची मध्यवर्ती कृतज्ञता हे एका पंक्तीचे जेवण आहे. भाकर मोडायची आणि शेजारी कोण बसला आहे हे न पाहता वाटून घ्यायची.

ज्या स्त्रीचे बालपण वडिलांच्या कडकडीत सोवळ्यात गेले, तिच्यासाठी याहून अवघड कृतज्ञता कोणती असू शकेल? टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी झाला. लक्ष्मीबाईंचा त्यानंतर पाच वर्षांनी, १९०० मध्ये. मधल्या काळात त्या पंढरपूर आणि नाशिक येथे आप्तांकडे राहिल्या. पुढे तेव्हाच्या अहमदनगरात (आजच्या अहिल्यानगरात) नवऱ्याजवळ येऊन राहिल्यावरही त्यांनी आपला स्वयंपाक आणि पाणी वेगळे ठेवले. एका घरातल्या दोन चुली ही या संहितेतील अत्यंत अर्थपूर्ण प्रतिमा आहे. धर्मशास्त्रातील वादांपेक्षा हंड्याला कोणाचा हात लागला हा प्रश्न तेथे निर्णायक आहे.

म्हणूनच त्यांच्या धार्मिक जीवनातील खरे वळण बाप्तिस्म्याच्या विधीत नाही. ते त्याआधीचे आहे. जातिभेद देवाने केला की माणसाने, असा प्रश्न त्या स्वतःला विचारतात. तो माणसाने केला असे उत्तर आल्यावर कोणाच्याही हातचे पाणी घ्यायला मोकळ्या होतात. दृष्टान्त नाही, आकाशवाणी नाही. घरगुती बुद्धीने चालवलेला एक साधा युक्तिवाद आहे. साक्षीच्या घाटात या प्रसंगाला प्रकाशाचे तेज दिले गेले असते. येथे तो रोजच्या कामाच्या ओघात येतो आणि त्याची परीक्षाही रोजच्या कामातच होते. प्लेगच्या काळात नगरला रोग्यांची शुश्रूषा करणारे लक्ष्मीबाईंचे हात पूर्वी सोवळ्याने बांधलेले होते, हे लक्षात घेतले की त्यांच्या श्रद्धेचे स्वरूप कळते. ती मताची गोष्ट होण्याआधी स्पर्शाची झाली होती.

४

मराठी ख्रिस्ती भाषेने ‘उपकारस्तुती’ हा शब्द घडवला, तेव्हा त्यात एक ताणही आणून ठेवला. मराठीत उपकार केले जातात, फेडले जातात आणि त्यांचे ओझेही होते. मार्सेल मोस याने १९२५ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात दाखवले की निखळ भेट अशी नसतेच. प्रत्येक भेट परतफेडीचे बंधन निर्माण करते. टिळकांच्या दातृत्वाला ही दृष्टी लावली की चित्र बदलते. ते देतात आणि घेणाऱ्याकडून परत काही मागत नाहीत, परंतु बंधन नाहीसे होत नाही. ते घरावर येते. टिळकांनी मिशनचा पगार सोडणे हेही उपकाराच्या बंधनातून सुटण्याचे कृत्य म्हणून वाचता येईल. देवाचे आभार मानायचे तर मिशनऱ्यांचे ऋणी राहून ते मोकळेपणाने मानता येणार नाहीत, ही जाणीव त्यामागे असावी. भारतीय मंडळीच्या स्वावलंबनाचा त्यांचा आग्रह या जाणिवेशी सुसंगत आहे.

स्त्रीवादी वाचन येथे एक रास्त आक्षेप घेईल. सोसणाऱ्या स्त्रीकडून कृतज्ञतेची अपेक्षा करणे हा पुरुषसत्तेचा जुना मार्ग आहे. मग ‘स्मृतिचित्रे’तील प्रसन्नता ही त्या अपेक्षेची पूर्ती तर नव्हे? या आक्षेपाला संहितेतच उत्तर आहे. लक्ष्मीबाई देवाचा आणि नवऱ्याचा जमाखर्च एकाच वहीत मांडत नाहीत. देवाविषयी कृतज्ञता आहे. नवऱ्याविषयी प्रेम आहे, आदर आहे आणि तपशीलवार हिशेबही आहे. त्याचा संताप, त्याचे न सांगता जाणे, पैशाविषयीची त्याची बेफिकिरी यांतले काही माफीच्या नावाखाली गाळलेले नाही. देवाच्या इच्छेवर त्याची जबाबदारीही ढकललेली नाही. बायबलच्या स्तोत्रसंहितेत उपकारस्तुती आणि गाऱ्हाणे शेजारी शेजारी नांदतात. मराठी संतांनीही विठोबाशी भांडण काढलेले आहे. तक्रार ही कृतज्ञतेची उणीव आहे असे या दोन्ही परंपरा मानत नाहीत, आणि लक्ष्मीबाई दोन्हींच्या वारसदार आहेत.

५

तरीही या संहितेची एक मर्यादा नोंदवणे आवश्यक आहे. अहमदनगर जिल्ह्यातील ख्रिस्ती समाजाचा बहुसंख्य भाग महार आणि मांग जातींतून आला होता. १८९६–९७ आणि १८९९–१९०० च्या दुष्काळांत मिशनच्या आश्रयाला आलेल्यांवर पोटासाठी धर्म सोडल्याचा आरोप झाला. लक्ष्मीबाईंना धर्मांतराने जात गमवावी लागली. म्हणून त्यांची श्रद्धा त्याग म्हणून ओळखली गेली. ज्यांच्याजवळ गमावण्यासारखी प्रतिष्ठा समाजाने ठेवलीच नव्हती, त्यांच्या कृतज्ञतेला मात्र भूक असे नाव मिळाले. भाकर दोन्हीकडे होती. एकीने दुसऱ्याच्या हातची भाकर स्वीकारणे हा आत्मिक विजय ठरला आणि दुसरीने तेच करणे ही लाचारी ठरली. हा भेद श्रद्धेच्या प्रतीचा नसून वाचणाऱ्याच्या मूल्यव्यवस्थेचा आहे. ‘स्मृतिचित्रे’त ही माणसे दिसतात, वावरतात, लक्ष्मीबाईंच्या घरात जेवतात; पण ती बोलतात ती लक्ष्मीबाईंच्या निवेदनाच्या मर्यादेत. आवलीच्या बाबतीत जे तुकोबांच्या अभंगांनी केले, तेच या माणसांच्या बाबतीत ‘स्मृतिचित्रे’ने केले, असे म्हणावे लागेल. मराठी ख्रिस्ती आत्मकथनांचा पुढील अभ्यास या जागेपासून सुरू व्हायला हवा.

या मर्यादेसह लक्ष्मीबाईंचे कार्य मूलगामी राहते. टिळकांनी आरंभिलेले ‘ख्रिस्तायन’ १९१९ मध्ये त्यांच्या मृत्यूने अपुरे राहिले. ते पुढे नेण्याचे काम रीतसर शालेय शिक्षण न मिळालेल्या लक्ष्मीबाईंनी पत्करले आणि त्या महाकाव्याचा फार मोठा भाग त्यांच्या हातचा आहे. नवऱ्याने अर्धवट टाकलेली अनेक कामे त्यांनी आयुष्यभर उरकली. स्तुतीचे हे काम त्यांतलेच एक. ‘ख्रिस्तायन’ आणि ‘स्मृतिचित्रे’ यांचा अभ्यास सहसा वेगवेगळा होतो. एकात स्तुती आहे आणि दुसऱ्यात हिशेब, पण लेखणी एकच आहे, आणि म्हणून ही दोन पुस्तके एकत्र वाचली गेली पाहिजेत.