‘तांबडी चामडी’ : नृत्यसंगीतातील आवर्तन आणि मराठी अक्षर

१

इलेक्ट्रॉनिक वाद्ययंत्रांवर रचलेल्या नृत्यसंगीतात शब्दांचे स्थान कोणते, हा प्रश्न मराठीच्या अभ्यासकांनी फारसा विचारात घेतलेला नाही. इ. स. २०२४ मध्ये तो टाळता येणार नाही अशा रीतीने पुढे आला. क्रेटेक्स या नावाने संगीतरचना करणारे कृणाल घोरपडे आणि रॅप-गायक श्रेयस सागवेकर या जोडीचे ‘तांबडी चामडी’ हे गीत त्या वर्षी नेदरलँड्समधील स्पिनिन रेकॉर्ड्स या संस्थेने प्रसिद्ध केले. ही संस्था १९९९ मध्ये स्थापन झालेली असून नृत्यसंगीताच्या जागतिक बाजारपेठेत तिचे नाव मोठे आहे. तिने प्रसिद्ध केलेले हे पहिलेच मराठी गीत होय. क्रेटेक्स आपल्या शैलीस ‘मराठी हाऊस’ असे म्हणतात.

या गीताविषयी साधारणतः दोन प्रकारचे अभिप्राय ऐकू येतात. मराठी शब्द परदेशी नृत्यगृहांत पोचले याचा अभिमान, हा एक. त्या शब्दांत अर्थ असा काहीच नाही ही तक्रार, हा दुसरा. दोन्ही अभिप्राय गीताच्या भाषेकडे न पाहताच दिलेले असतात. पहिल्यास भाषा केवळ मराठी असली म्हणजे पुरते. दुसऱ्यास ती कवितेसारखी नाही एवढेच दिसते. परंतु नृत्यसंगीतातील शब्द आवर्तनाने जगतो. शेकडो वेळा उच्चारला जाऊनही तो झिजू नये, हीच त्याची कसोटी होय. ही कसोटी लावली असता या गीताचे सामर्थ्य कशात आहे आणि त्याची मर्यादा कोठे सुरू होते, हे पाहणे प्रस्तुत लेखाचे प्रयोजन आहे.

२

‘हाऊस’ हे नाव शिकागो येथील ‘वेअरहाऊस’ या नृत्यगृहावरून रूढ झाले असे सामान्यतः मानले जाते. फ्रँकी नकल्स हे तेथील प्रमुख तबकडीवादक. या संगीताचा पाया म्हणजे समान अंतरावर पडणारे चार समबल ठोके. मिनिटाला सुमारे १२० ते १३० या गतीने ते अखंड चालू राहतात. त्यांवर मंद्र स्वरांची एक लहानशी आकृती फिरत राहते आणि अधूनमधून एखादे शब्दखंड येऊन पुन्हा पुन्हा उच्चारले जाते.

शब्दांच्या आवर्तनाचा हा प्रकार टोकाला गेलेला पाहावयाचा असल्यास डाफ्ट पंक या फ्रेंच जोडीच्या ‘होमवर्क’ (१९९७) या पहिल्या ध्वनिमुद्रिकेकडे वळावे लागते. तोमा बाँगाल्तेर आणि गी-मान्युएल द ओमाँ-क्रिस्तो या दोघांनी ती पॅरिसमध्ये घरच्या घरी तयार केली. नावाचा उगम तोच. तीत १६ रचना आहेत. त्यांपैकी ‘अराउंड द वर्ल्ड’ या रचनेत शीर्षकातील तीन शब्दांखेरीज एकही शब्द नाही, आणि ते तीन शब्द १४० हून अधिक वेळा येतात. यंत्रातून गाळलेल्या त्या आवाजाला वक्ता नाही, प्रसंग नाही, विधानही नाही. तरीही रचना कंटाळवाणी होत नाही. मंद्र स्वरांची आकृती खालून बदलत राहते आणि त्याच शब्दांना प्रत्येक वेळी निराळा आधार मिळतो, हे याचे एक कारण. दुसरे कारण भाषिक आहे. इंग्रजीत बलाघात प्रबळ असतो. या शब्दखंडात दुसऱ्या व चौथ्या अवयवावर तो आपोआप पडतो. सबल-निर्बल अशी ही आंदोलने ठोक्यांच्या चौकटीत बसवावी लागत नाहीत. ती भाषेतच असतात.

मराठीत ही सोय नाही. मराठीतील बलाघात दुर्बल असून तो अर्थभेदक नाही. मराठी उच्चाराची लय मुख्यतः अक्षरांच्या गुरुलघुत्वावर अवलंबून असते. इंग्रजी नृत्यगीताचा साचा तसाच्या तसा उचलून त्यात मराठी शब्द भरले, तर ते ठोक्यांवर अवघडून उभे राहतात याचे कारण हेच.

येथे मुंबईतील एका पूर्वप्रयत्नाचा उल्लेख आवश्यक आहे. चित्रपटसंगीतातील वादक चरणजित सिंग यांची ‘टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही ध्वनिमुद्रिका १९८२ मध्ये निघाली. त्या वेळी नव्यानेच आलेल्या रोलँड कंपनीच्या टीबी-३०३ व टीआर-८०८ या यंत्रांवर त्यांनी दहा राग वाजविले. हीच यंत्रे पुढे शिकागोच्या संगीतात मध्यवर्ती ठरली. परंतु चरणजित सिंग यांच्या रचनांत शब्द नव्हते. राग यंत्रात बसतो हे त्यांनी दाखविले. भाषा बसते काय, हा प्रश्न शिल्लक राहिला.

३

‘तांबडी चामडी’ या शीर्षकाकडे आता पाहता येईल. लेखनात या दोन शब्दांची प्रत्येकी तीन अक्षरे आहेत. मात्रावृत्ताच्या नियमाने मोजल्यास प्रत्येकाच्या पाच मात्रा, म्हणजे एकूण दहा मात्रा होतात. परंतु मराठी बोलणारा मनुष्य मधला अकार उच्चारीत नाही. ‘ताम्ब्-डी, चाम्-डी’ असे चार अवयव ऐकू येतात, आणि ते चारही गुरू असतात. दहा मात्रांचे लेखन बोलण्यात आठ मात्रांचे होते. चार गुरू अवयव आणि चार समबल ठोके यांचे सख्य उघड आहे. इंग्रजी शब्दखंड जे काम बलाघाताने करतो ते येथे अवयवांच्या वजनाने साधले आहे. गीतातील भाषा बोलीतील अकारलोप मानते, पुस्तकी उच्चार मानीत नाही. तिच्या नैसर्गिकपणाचे रहस्य यात आहे.

या दोन शब्दांचे यमकही विचार करण्याजोगे आहे. ‘तांबडा’ हा शब्द संस्कृत ‘ताम्र’ पासून, आणि ‘चामडे’ हा ‘चर्म’ पासून आला. दोहोंतही मूळ शब्दास ‘ड’ हा प्रत्यय लागला आहे. अर्थात विशेष भर न घालणारा हा स्वार्थिक प्रत्यय अपभ्रंशात विपुल होता, आणि हेमचंद्राने बाराव्या शतकात आपल्या व्याकरणात त्याची नोंद केली आहे. ‘बापुडा’ सारखे शब्द त्याच घरचे. ‘द्रम्म’ या जुन्या नाण्याच्या नावापासून ‘दमडी’ झाली तीही याच प्रत्ययाने. म्हणून ‘चमडी जाईल पण दमडी जाणार नाही’ या म्हणीतील यमक आणि या गीताच्या शीर्षकातील यमक एकाच व्याकरणिक खाणीतून निघालेले आहेत. ते कवीने जुळवून आणलेले नाही. भाषेच्या इतिहासाने ते आधीच जुळवून ठेवले होते. रचनाकारांनी ते ओळखले, याचे श्रेय त्यांना दिले पाहिजे.

गीतात चकाकी दर्शविणाऱ्या द्विरुक्त शब्दाचाही उपयोग केला आहे. लखलख, चमचम, झगमग, झळझळ अशा शब्दांचा साठा मराठीत मोठा आहे. पुनरुक्ती हे त्यांचे व्याकरणच आहे. ज्या संगीताचा प्राण पुनरावृत्ती, त्यास असा शब्दवर्ग सापडणे म्हणजे कोरड्या विहिरीस झरा लागण्यासारखे आहे.

४

आवर्तनाने अर्थ नष्ट होतो हा आक्षेप तपासण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. लातूर जिल्ह्यातील औसा येथे वीरनाथ महाराजांच्या नाथ संस्थानात चक्रीभजनाची परंपरा आहे. भजन करणारे टाळमृदंगाच्या साथीने गोलाकार फिरत नाम व पदे आळवितात. त्यावरूनच हे नाव पडले. पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरातही औसेकरांचे हे भजन होते. देह फिरतो, शब्द फिरतो, आणि दोहोंचे फिरणे एकाच ठेक्यावर होते. बाह्य रूपाने पाहिले तर नृत्यगृह आणि सभामंडप यांत येथे साम्य आहे.

परंतु भाषेच्या वर्तनात मोठा भेद आहे. ‘तुकाराम’ हा शब्द बोलताना तीन अवयवांचा असतो. भजनात तो ‘तु-का-रा-म’ असा चार अवयवांचा होतो. बोलण्यात लोपलेला अकार गाण्यात परत येतो. अक्षरसंख्येवर चालणाऱ्या अभंगाच्या छंदाने ही पूर्णता जपून ठेवली आहे. भजनातील आवर्तन शब्द उघडीत जाते. हाऊसमधील आवर्तन तो मिटवीत जाते. लोपलेला अकार तेथे लोपलेलाच राहतो, आणि त्यामुळेच शब्द ठोक्यासारखा घट्ट वाजतो. शिवाय भजनाची लय माणसांच्या हातांत असते, ती चढते व उतरते. यंत्राची लय आरंभापासून शेवटपर्यंत एकच राहते. म्हणून यंत्रावरील शब्दास लयीकडून काही नवे मिळत नाही. जे मिळवावयाचे ते त्याने आपल्या पोटातूनच मिळविले पाहिजे.

तेव्हा आवर्तनाने अर्थ नष्ट होतो, असे सरसकट म्हणता येत नाही. नामाला संप्रदायाचा अर्थ पाठीशी असतो, म्हणून ते कितीही वेळा उच्चारले तरी रिते होत नाही. नृत्यगीतातील शब्दाच्या पाठीशी काय असते, एवढाच प्रश्न उरतो. ‘होमवर्क’ मध्ये ‘टीचर्स’ नावाची एक रचना आहे. तीत आपल्या पूर्वसूरींची केवळ नावे ठेक्यावर घेतली आहेत. ‘ज्ञानेश्वरी’ च्या अखेरीस आदिनाथापासून निवृत्तिनाथापर्यंतची गुरुपरंपरा सांगितली आहे, हे ज्यास ठाऊक आहे त्यास त्या रचनेचे प्रयोजन समजावून सांगावे लागणार नाही. केवळ नावांची यादीही परंपरेच्या बळावर उभी राहते.

५

‘तांबडी चामडी’ च्या पाठीशी संप्रदाय नाही. मात्र शब्दांचा वापर आहे, आणि तो दुर्लक्षणीय नाही. ‘त्वचा’ शास्त्राचा शब्द, ‘कांती’ काव्याचा. ‘चामडी’ हा शब्द मराठीत बहुधा धमकीत येतो. ती सोलली जाते किंवा लोळविली जाते. अशा शब्दास सौंदर्याच्या वर्णनात आणून बसविणे हे धाडस आहे. ‘तांबडा’ या शब्दाचे गोत मात्र निराळे. तांबडी माती, तांबडा रस्सा, पहाटे फुटणारे तांबडे. सर्वत्र ऊब आणि ऊन यांचा संबंध. गोरी आणि काळी या जोडीतच मनुष्याचा वर्ण तोलण्याची सवय आपल्या गीतांना फार दिवस लागली आहे. उन्हाने तापलेल्या कातडीस तिचा स्वतःचा रंग देऊन हे गीत त्या तराजूबाहेर पडते. औशासारख्या भागात, जेथे बहुतेकांचे आयुष्य उन्हात जाते, या शब्दयोजनेचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज पडू नये.

गीताची मर्यादाही येथेच दिसते. त्याचे सारे वैभव शीर्षकात व पालुपदात एकवटले आहे. त्या चार अवयवांत जी भाषिक घट्टता साधली, ती पुढील पंक्तींत त्याच प्रमाणात टिकत नाही. तेथे शब्द ठोक्याचे अनुचर होतात. एका गीताच्या आवाक्यात हे खपून जाते. कारण पालुपद पुन्हा येते आणि श्रोत्यास सावरून घेते. १६ रचनांच्या संग्रहात ते खपणार नाही. ‘होमवर्क’ मध्ये शब्दहीन रचना, एका वाक्याची रचना आणि नावांची यादी अशी योजना आहे. भाषेचे प्रमाण प्रत्येक ठिकाणी निराळे ठरविलेले आहे. मराठी हाऊसला संग्रहाच्या विस्ताराचा भार पेलावयाचा असेल, तर केव्हा बोलावे आणि केव्हा गप्प राहावे याचा असाच हिशेब त्यास करावा लागेल.

त्यासाठीची साधने मराठीत आहेत. अकारलोपाने घट्ट झालेले बोलीतील शब्द हे एक साधन. भजनाने जपलेले उघडे अक्षर हे दुसरे. आजवर पहिल्याचाच उपयोग झाला आहे. एकाच रचनेत शब्द प्रथम मिटलेला व नंतर उघडलेला ऐकू आला, तर चार ठोक्यांच्या स्थिर लयीतही भाषेला चढउतार मिळेल, आणि तो उसना आणलेला नसेल.