निष्पत्ती कोणाची आणि देणे कोणाचे?

शिक्षकांच्या प्रशिक्षणात आज 'अध्ययन निष्पत्ती' या शब्दाचा मोठा बोलबाला आहे. पाठ संपल्यावर मुलाला काय यावे हे आधी ठरवायचे. ते आले हे कशावरून ओळखायचे ते नंतर. आणि धडा, फळा, कृती यांचा विचार सर्वांत शेवटी करायचा, असा हा उलटा क्रम आहे. कल्पना नवी नाही. अमेरिकेत राल्फ टायलर यांनी १९४९ साली अभ्यासक्रमाची मांडणी उद्दिष्टांपासून केली. १९५६ साली ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उद्दिष्टांची उतरंड रचली. आमच्या बी.एड.च्या पाठटाचणातील 'उद्दिष्टे व स्पष्टीकरणे' या रकान्यांवर त्याच विचाराची छाया आहे. १९९१ साली दवे समितीने किमान अध्ययन पातळ्या सांगितल्या आणि २०१७ साली एन.सी.ई.आर.टी.ने इयत्तावार निष्पत्ती छापल्या. नवा आहे तो या शब्दाचा धाक.

हा सगळा कागदी खेळ आहे असे म्हणून तो झटकून टाकणे सोपे आहे. मला ते मान्य नाही. ज्या घरात शाळेची पायरी चढलेला पहिला माणूस मीच, त्या घरातून मी आलो. वर्गात काय राहून गेले हे घरी कोणी सांगू शकत नव्हते. शिकलेल्या बापाचे मूल वर्गातली उणीव घरी भरून काढते. आमची उणीव तशीच पुढच्या इयत्तेत जाते आणि शेवटी ती जातीच्या खात्यावर मांडली जाते. 'यांना येतच नाही' या वाक्याने किती पिढ्या गारद केल्या! म्हणून मुलाला काय आलेच पाहिजे हे उघड लिहून ठेवणे आमच्या हिताचे आहे. लिहिलेले मागता येते. न लिहिलेले मास्तरांच्या मर्जीवर राहते.

मुंबई विधिमंडळात मार्च १९२७ मध्ये शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना बाबासाहेबांनी नेमके हेच केले. प्राथमिक शाळेत आलेले प्रत्येक मूल साक्षर होऊनच बाहेर पडावे आणि जन्मभर साक्षर राहावे, हे प्राथमिक शिक्षणाचे प्रयोजन त्यांनी सांगितले. शंभर मुले शाळेत येतात, त्यांतली अवघी १८ चौथीपर्यंत पोचतात आणि ८२ पुन्हा निरक्षरतेत लोटली जातात, हे आकडे त्यांनी सरकारपुढे ठेवले. आजच्या भाषेत ही निष्पत्तीच होय. पण ती ८२ मुलांच्या माथी मारली गेली नाही. बाबासाहेबांनी त्या आकड्यांचा जाब सरकारला विचारला आणि शिक्षणावर अधिक खर्चाची मागणी केली.

त्याआधी, १८८२ साली हंटर आयोगापुढील निवेदनात जोतीराव फुल्यांनी याच प्रश्नाची दुसरी बाजू दाखवली होती. परीक्षेच्या निकालावर शाळेला अनुदान देण्याची पद्धत तेव्हा रूढ होती. इंग्लंडात ती १८६२ च्या संहितेने आणली होती आणि तिथे मुलांकडून घोकंपट्टी करवून घेण्याला तिने बळ दिले. फुल्यांनी स्पष्ट सांगितले की गरीब आणि शिक्षणापासून दूर ठेवलेल्या लोकांत ही पद्धत मुळीच उपयोगाची नाही. त्यांच्यात शिक्षणाची गोडी निर्माण होईपर्यंत सरकारी शाळा आणि खास उत्तेजन हवेच.

फुले निकालाला विरोध करतात आणि बाबासाहेब निकाल मागतात, असा विरोध कोणी यात काढील. तो वरवरचा आहे. निकाल लागला तरच पैसा, याला फुल्यांचा नकार आहे. निकाल लागेपर्यंत पैसा, ही बाबासाहेबांची मागणी आहे. दोघेही देण्याचा बोजा शासनाच्या खांद्यावर ठेवतात. आजच्या प्रशिक्षणांची पारख याच कसोटीवर केली पाहिजे.

अहेरीच्या परिसरात ही कसोटी लावून पाहू. इथे मराठीबरोबर माडिया, गोंडी आणि तेलुगू बोलली जाते. अशाच एका प्रशिक्षणात मी बसलो होतो. फळ्यावर निष्पत्ती लिहिली गेली : 'विद्यार्थी बाजाराचे वर्णन स्वतःच्या शब्दांत करतो.' आतल्या गावात शिकवणाऱ्या एका शिक्षकाने विचारले, "सर, पोरगं माडियात सांगतं. धरायचं का?" उत्तर आले, "पाठ मराठीचा आहे. साध्य नाही असं लिहा."

स्वतःचे शब्द म्हणजे कोणाचे शब्द? एन.सी.ई.आर.टी.च्या पहिलीच्या भाषाविषयक निष्पत्तीत मुलाची स्वतःची भाषा किंवा शाळेची भाषा, किंवा दोन्ही, यांना जागा दिलेली आहे. राज्यघटनेचा ३५०क हा अनुच्छेद आणि २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचे २९ वे कलम मातृभाषेच्या बाजूचे आहे. कागदाने उघडे ठेवलेले दार प्रशिक्षणात बंद झाले. २०११ च्या जनगणनेत २९ लाखांहून अधिक लोकांनी नोंदवलेली गोंडी अजून आठव्या अनुसूचीबाहेर आहे. वर्गातही ती बाहेरच उभी केली जाते.

तेंदूच्या हंगामात हेच मूल आईबरोबर सत्तर-सत्तर पानांची पुडकी बांधते. शंभर पुडक्यांचा हिशेब त्याच्या घरात रोज होतो. वर्गात मात्र त्याची गुणाकाराची निष्पत्ती 'असाध्य' ठरते. पाठाचा शेवट आधी ठरवणे चूक नाही. पण मूल कुठे उभे आहे हे न पाहता ठरवलेला शेवट त्याला कायम मागेच दाखवणार.

आणि इथे आपण स्वतःलाही विचारले पाहिजे. या भागातल्या शाळांत आपल्या समाजाचे शिक्षकही आहेत. माडिया मुलाच्या नावापुढे आपण निमूटपणे 'असाध्य' लिहितो, तेव्हा काल आपल्याला मागच्या ओळीत बसवणाऱ्या मास्तरांचीच खुर्ची आपण चालवत नाही काय? धानोरा तालुक्यातील मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ साली गोंडी माध्यमाची शाळा स्वतःच्या बळावर सुरू केली. मुलाला काय यावे हे ठरवण्याचा हक्क गावालाही आहे, हे तिने दाखवून दिले.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे. पाठटाचणात निष्पत्तीच्या आधी एक रकाना असावा : मुलाजवळ आज काय आहे, आणि ते कोणत्या भाषेत आहे. निष्पत्तीनंतर दुसरा असावा : ती साधण्यासाठी शासनाने काय दिले. त्याची भाषा जाणणारा शिक्षक दिला का? त्याच्या भाषेतले पुस्तक दिले का? हा रकाना रिकामा असेल, तर 'साध्य नाही' हा शेरा मुलाच्या नावापुढे लिहिण्याचा अधिकार कोणालाही नाही. तो शेरा शासनाच्या नावे लिहावा, आणि तो लिहिण्याचे धैर्य शिक्षकाच्या अंगी यावे. शिक्षक-प्रशिक्षणाची पहिली निष्पत्ती हीच असली पाहिजे.