निर्विकार मुद्रेचा विनोद

मूकपटांतील विनोदाचा विषय निघाला कीं आमच्याकडील रसिक चॅप्लिनचें नांव घेऊन थांबतात. आणि बस्टर कीटनचें नांव कोणीं काढलेंच, तर त्याच्या विनोदाला कारुण्याची जोड नाहीं, असा निर्वाळा देऊन मोकळे होतात. मला हा निर्वाळा अन्यायाचा वाटतो.

कीटनचा जन्म १८९५ सालचा, अमेरिकेंतील कॅन्सस प्रांतांतला. आईबाप फिरत्या रंगभूमीवरील नट. बाप या पोराला रंगमंचावर उचलून फेकी आणि प्रेक्षक खदखदां हंसत. परंतु पोर स्वतः हंसलें कीं हंशा ओसरे, हें त्यानें बालपणींच हेरलें. भरतमुनींनीं हास्याचे दोन भेद सांगितले आहेत: स्वतः हंसणें तें आत्मस्थ, दुसऱ्यास हंसविणें तें परस्थ. पहिल्यास कायमची रजा देऊन केवळ दुसऱ्याच्या बळावर उभा राहिलेला असा नट विरळा.

‘द जनरल’ (१९२६) मधील एक प्रसंग पाहावा. अमेरिकेंतील यादवी युद्ध सुरू झालें आहे. एंजिन-चालक जॉनी सैन्यांत भरती होऊं पाहतो. तो एंजिनावरच अधिक उपयोगी म्हणून अधिकारी त्याला नाकारतात, कारण मात्र सांगत नाहींत. प्रेयसी त्याला भ्याड समजते आणि गणवेष चढविल्यावांचून माझ्याशीं बोलूं नकोस, असें बजावते. तो जाऊन एंजिनाच्या चाकांना जोडणाऱ्या दांड्यावर बसतो. एंजिन हळूच सुरू होतें. दांडा वर जातो, खालीं येतो, आणि त्याबरोबर विचारांत बुडालेला जॉनीहि. एंजिन शेडमध्यें शिरूं लागतें तेव्हां कोठें त्याला भान येतें. यांत कारुण्य नाहीं असें म्हणणाऱ्यांना कारुण्य ओळखण्यास बहुधा अश्रूच लागत असावेत. (दक्षिणेच्या पक्षाला असा गोड नायक बहाल करतांना या चित्रपटानें गुलामगिरी दृष्टीआड केली, हा दोष मात्र मला डांचतो.)

‘स्टीमबोट बिल, ज्युनिअर’ (१९२८) मध्यें वादळांत एका घराची अख्खी दर्शनी भिंत त्याच्या अंगावर कोसळते आणि माडीच्या उघड्या खिडकीच्या चौकटींत तो जसाच्या तसा उभा राहतो. भिंत खरी, माणूस खरा, मधलें अंतर कांहीं इंचांचें. अशा मापावर जीव टांगलेल्या माणसाच्या मुद्रेला लोक कोरी म्हणतात. मला तींत एकाग्रता दिसते.

त्याच सालीं त्यानें आपल्या चित्रशाळेचें स्वातंत्र्य सोडून मेट्रो-गोल्डविन-मेयर कंपनीची नोकरी पत्करली. बोलपट आला आणि तो संपला, असें सांगतात. पण त्याचा आवाज कांहीं वाईट नव्हता. कॅमेऱ्यापुढें उभें राहून विनोद घडवीत जाण्याची त्याची रीत. येथें सारें आधीं कागदावर हवें. ‘फ्री अँड ईझी’ (१९३०) या बोलपटांत तर त्याच्या तोंडाला विदूषकाचा रंग फांसून त्याला प्रेमभंगाचें दुःख दाखवावयास लावलें. टीकाकारांना हवें असलेलें कारुण्य येथें उघडउघड आहे, आणि तें पाहवत नाहीं. १९३३ मध्यें कंपनीनें त्याला काढून टाकलें. दारूनें त्याआधींच घेरलें होतें.

१९६६ मध्यें तो वारला. त्याच्या आदल्याच वर्षीं पडद्यावर आलेल्या बेकेटच्या ‘फिल्म’ या लघुपटांत कॅमेरा बहुतेक वेळ त्याच्या पाठीमागें राहतो. चेहरा दिसतो तो अगदीं शेवटीं. पण तोंवर तो पाठीवरूनच ओळखूं आलेला असतो.