पाव मैलाचे नाट्य

शर्यतीचा चित्रपट पाहताना प्रेक्षकाच्या मनात एकच प्रश्न असतो : पुढे कोण गेला? जॉर्ज ल्यूकस यांच्या १९७३ सालच्या ‘अमेरिकन ग्राफिटी’ची थोरवी अशी की, तो या प्रश्नापलीकडे एक पाऊल टाकतो. पण एकच!

कथा १९६२ सालची, कॅलिफोर्नियातील मोडेस्टो गावची. जॉन मिल्नर हा तिथला अजिंक्य गाडीवाला. पहाटेच्या निर्मनुष्य रस्त्यावर त्याची पिवळी फोर्ड आणि बॉब फाल्फाची काळी शेव्हरोले सुसाट सुटतात. फाल्फाची गाडी उलटते, पेट घेते. आतली माणसे थोडक्यात वाचतात. आणि तेव्हा मिल्नर मित्राजवळ कबूल करतो की, आपण हरतच होतो. मित्राला ते ऐकवत नाही. साऱ्या चित्रपटात मला हा क्षण सर्वांत मोलाचा वाटतो. दुःख इतकेच की, हे सत्य बाहेर यायला एक गाडी जळावी लागते.

वास्तविक दुसरी वाट तेव्हाही होती. पोरांना रस्त्यावरून मैदानात आणावे म्हणून वॉली पार्क्स यांनी १९५१ सालीच ‘नॅशनल हॉट रॉड असोसिएशन’ काढली होती. आज तिथे कोणी घरचीच गाडी घेऊन गेला, तर प्रथम तपासणी होते. तेल गळते का, बॅटरी घट्ट बांधली आहे का, पट्टे व टायर धड आहेत का, हे पाहतात. पाव मैल चौदा सेकंदांच्या आत कापणाऱ्याला हेल्मेट सक्तीचे. पुढे दिव्यांचा एक खांब असतो. १९६३ साली आलेल्या या खांबाला तिकडे ‘ख्रिसमस ट्री’ म्हणतात. आपण दीपमाळ म्हणू! पिवळे दिवे उतरत येतात, मग हिरवा. त्याआधी सुटलात तर लाल दिवा लागतो.

पण नवशिक्यांना सामावून घेणाऱ्या ‘ब्रॅकेट’ शर्यतीची खरी गंमत वेगळीच आहे. आपली गाडी किती सेकंदांत पोहोचेल, हे चालकाने आधीच काचेवर लिहायचे. एकाने १५.२० लिहिले, दुसऱ्याने १२.७०, तर पहिल्याला अडीच सेकंद आधी सोडतात. म्हणून साधी घरगुती गाडीही बलाढ्य गाडीला हरवू शकते. मात्र जिंकण्यासाठी वेळ फुगवून लिहिली आणि त्याआधीच पोहोचलात, तर प्रतिस्पर्ध्याची चूक त्याहून मोठी नसल्यास हार ठरलेली!

शिक्षक म्हणून मला हा नियम विलक्षण वाटतो. इथे विद्यार्थीच आपले गुण आधी लिहितो, आणि ते खोटे निघाले तर नापास होतो. मिल्नरला शेवटी सुचलेला प्रामाणिकपणा या खेळात आरंभीच द्यावा लागतो.

ही रीत कथेच्या काळानंतर रुळली. तेव्हा ती दाखवली नाही म्हणून ल्यूकसना बोल लावणे अन्यायाचे होईल. परंतु २००१ साली आलेल्या ‘द फास्ट अँड द फ्युरियस’ला ती सबब नाही. तिथे पुन्हा तोच रात्रीचा रस्ता, तीच पैज, आणि मिल्नरची कबुली मात्र नाही. कादंबरीकाराच्या दृष्टीने हे दारिद्र्यच म्हटले पाहिजे. दोन गाड्यांतली चुरस डोळ्यांना दिसते. माणसाची स्वतःच्या बढाईशी चाललेली चुरस दाखवायला प्रतिभा लागते.

घरात गाडीची किल्ली मागणारा मुलगा असेल, तर वाचकहो, ‘अमेरिकन ग्राफिटी’ त्याच्यासोबत जरूर पाहा. मात्र चित्रपट संपला की त्याला त्या काचेवरच्या आकड्याची गोष्टही सांगा.