यशबी पात्रें: असल कीं नक्कल?

बारामती व इंदापूर भागांतील वतनी दप्तरें ज्यांनीं चाळलीं आहेत, त्यांस ‘असल बरहुकूम नक्कल’ हा शेरा परिचयाचा असेल. असा शेरा असलेला कागद कोणी बनावट म्हणून टाकून देत नाहीं, व मूळ सनदेच्या सालचा म्हणून त्याची नोंदहि करीत नाहीं. मजकुराचें साल वेगळें, प्रतीचें साल वेगळें, हा भेद दप्तर पाहणाराच्या अंगवळणीं पडलेला असतो. पण कागद सोडून वस्तूंकडे वळलें म्हणजे हाच भेद आपण विसरतों, असें आम्हांस वाटतें. चिनी यशबाचीं पात्रें हें त्याचें ठळक उदाहरण होय.

यशब म्हणजे इंग्रजींत ज्यास जेड म्हणतात तो दगड. मुंबईच्या छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयांत, म्हणजे पूर्वीच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्यूझियममध्यें, सर रतन टाटा यांच्या संग्रहांतून आलेल्या चिनी वस्तूंत यशबाचें कामहि आहे. एकंदर चिनी यशबी पात्रांत एक मोठा वर्ग असा कीं, त्याचे आकार शांग व चौ राजवटींतील कांशाच्या पूजापात्रांवरून घेतलेले आहेत: तीन पायांचें ‘डिंग’, तुतारीसारख्या पसरट तोंडाचें उभें ‘गू’, धान्याचें ‘ग्वेइ’. असें पात्र पाहून एक संग्राहक तें तीन हजार वर्षांचें ठरवितो. दुसरा, तें अठराव्या शतकांतील आहे असें कळतांच, नकली म्हणून पाठ फिरवितो. दोघांचीहि चूक एकच. आकारावरून साल काढणें म्हणजे मजकुरावरून कागदाचें वय सांगणें होय.

परीक्षा घडणीवर करावी. कांशाचें पात्र मातीच्या अनेक तुकड्यांच्या साच्यांत ओतीत. हे तुकडे जेथें जुळत तेथें सांधा उमटे. तो झांकण्यास उभे कंगोरे ठेवीत, व पुढें तेच अलंकार झाले. यशब ओततां येत नाहीं, व पोलादी छिन्नीनें कोरतांहि येत नाहीं. कठीण वाळू किंवा कुरुंदाची पूड पाण्यांत कालवून फिरत्या चाकानें तो झिजवावा लागतो. अर्थात् यशबी पात्रास सांधाच नाहीं. तरीहि त्यावर ते कंगोरे आहेत, आणि ते उठविण्यासाठीं भोंवतालचा सगळा दगड झिजवून काढलेला आहे! मूळ पोथीचें पान फाटलें होतें म्हणून लेखकानें आपल्या कोऱ्या कागदावर तेवढी जागा रिकामी सोडावी, तसाच हा प्रकार. अशा ठिकाणींच प्रतीच्या मुळाचा माग लागतो.

तें मूळ पुष्कळदां कांशाचें पात्र नव्हतेंच, पुस्तक होतें. १०९२ मध्यें ल्यू दालिन यानें जुन्या पात्रांच्या चित्रांचा व लेखांचा ‘काओगूतू’ हा ग्रंथ सिद्ध केला. बाराव्या शतकाच्या आरंभीं हुइत्सुंग बादशहाच्या संग्रहाचा ‘बोगूतू’ झाला. ठशांनीं छापलेल्या असल्या चित्रांवरून पुढील कारागीर काम करीत. रेषाचित्रांत खोली उतरत नाहीं. म्हणून कांशावरील ठसठशीत राक्षसमुख यशबावर पुष्कळदां सपाट होऊन बसतें. उपयोगहि पालटला. मद्याच्या ‘गू’मध्यें फुलें आलीं, व अन्न शिजविण्याच्या ‘डिंग’मध्यें धूप.

चिएनलुंग बादशहाच्या कारकीर्दींत (१७३६–१७९५) या कामास बहर आला. आपल्या संग्रहांतील कांशांचा सचित्र ग्रंथ करण्याची आज्ञा त्यानें १७४९ मध्यें दिली होती. १७५९ मध्यें खोतान व यारकंद त्याच्या अंमलाखालीं येऊन तेथील यशबाची वाट मोकळी झाली. त्या वेळच्या कांहीं पात्रांवर, चिएनलुंगच्या कारकीर्दींत प्राचीनास अनुसरून केलेलें, अशा अर्थाची मुद्राच कोरलेली आढळते. आमच्या दप्तरांतील शेऱ्याहून ती निराळी कोठें आहे? त्याच काळांत बारामतीस कऱ्हेकांठीं मोरोपंत (१७२९–१७९४) व्यासांचें भारत आर्येंत उतरवीत होते. त्यांच्या आर्याभारतास कोणी खोटें महाभारत म्हटल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं.

याचा अर्थ सर्वच यशबी पात्रें उत्तम असा नव्हे. ‘गू’चा सरळ बांधा दगडास शोभतो. परंतु एकाच दगडांतून सुट्या कड्या व सांखळ्या काढून दाखविण्याची हौस जेथें वाढली, तेथें पात्र हरवतें व कसरत उरते. अशा अलंकारबाहुल्याचा खुद्द बादशहानेंहि निषेध केला होता.

आणि खरोखर बनावट असेंहि कांहीं असतेंच. १७५३ मध्यें बादशहानें एका यशबी पेल्याची हकीकत लिहिली आहे. डागाळलेला तो पेला त्यास हान काळचा वाटला. दरबारी कारागीर याओ त्सुंगरेन यास विचारतां तो म्हणाला, हें माझ्या आजोबांचें काम. दगडाच्या पृष्ठभागास हिऱ्याच्या टोकानें बारीक टोचे मारावयाचे, रंग भरावयाचा, व मंद आंचेवर ठेवून तो मुरवावयाचा, ही घरची विद्याहि त्यानें सांगून टाकली. धुरास धरून कागद जुना करणारांची आठवण येथें वाचकांस होईलच. ज्यांच्याजवळ असें डागाळलेलें पात्र असेल त्यांनीं आकाराकडे मागाहून पाहावें; आधीं भिंग घेऊन तो डाग बारीक टोच्यांत सांठला आहे कीं काय, तें तपासावें.